पाव्हणे, काम, तहान, शेजार

आमच्या घरी कोण आलंय हे आत बसलेल्या मायला कधी कळायचं नाही. काय आलंय, तेवढं कळायचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर बसलेले असत आणि माय आत चुलीपाशी. अंगणात कुणाचं पाऊल वाजलं की अण्णा मान न वळवता आत एक शब्द टाकत. "पाव्हणे!" म्हटलं की माय चहाचं आधण ठेवायची. "काम!" म्हणजे आलेला माणूस अण्णांशीच बोलून जाणार, आतल्यांनी उठायचं कारण नाही. "तहान!" म्हणजे तांब्याभर पाणी. "शेजार!" म्हणजे वाटीभर पीठ नाहीतर चुलीतला विस्तव. एवढे चारच शब्द होते, आणि या चारांत न बसणारा माणूस आमच्या गावात अजून जन्मायचा होता.

घरच्यांसाठी मात्र शब्दच नव्हता. मी शाळेतून आले, थोरला भाऊ रानातून आला, तर अण्णा काहीच बोलायचे नाहीत. पावलं वाजली आणि ओट्यावरून हाक आली नाही, की माय समजायची, आपलंच कुणीतरी. लहानपणी मला याचा भारी राग यायचा. माझ्या येण्याचीही कुणीतरी आत वर्दी द्यावी असं वाटायचं. एकदा मी मुद्दाम अंगणातून तीनदा आतबाहेर केलं. तिसऱ्या खेपेला अण्णा म्हणाले, "पाय दुखत न्हाईत का गं तुजे?" त्यापुढं काही नाही.

ही सवय त्यांना कारखान्यातून लागली होती. आमचं गाव ढोकीपासून दोन कोसांवर. ढोकीच्या साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की अण्णा सायकलवरून कामावर जात. वजनकाट्याकडं सरकणाऱ्या बैलगाड्यांच्या रांगेशी उभं राहायचं, गाडीतला ऊस बघायचा आणि खिडकीतल्या कारकुनाला ओरडून सांगायचं, "आडसाली!" नाहीतर "सुरू!" नाहीतर "खोडवा!" दीड वर्ष रानात उभा राहिलेला ऊस आडसाली, थंडी सरताना लावलेला सुरू, आणि तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटून आलेला खोडवा. गाडी कुणाची, गाव कोणतं, ते कारकून बघून घेई. अण्णांनी फक्त प्रकार सांगायचा. मी एकदा डबा द्यायला गेले तेव्हा त्यांना काम करताना पाहिलं. नजर टाकली न टाकली तोच शब्द बाहेर. मला वाटलं, माझ्या बापाएवढा हुशार माणूस जगात नाही. हे मत मी अजून बदललेलं नाही.

सगळे जण उसाची जात म्हणत. अण्णा वाण म्हणत. आमचं बौद्धांचं घर, आणि अण्णांचं सगळं लहानपण "कुणाचा रं तू?" या प्रश्नाला उत्तर देण्यात गेलेलं. धर्म बदलला तेव्हा त्यांनी मनाशी ठरवलं असावं, की हा प्रश्न आपल्या तोंडून कुणालाही जायचा नाही. त्यांनी तसं बोलून दाखवलं नाही, हा माझा तर्क. पण आमच्या ओट्यासमोर आलेल्या माणसाला त्यांनी कधी नाव-गाव विचारलेलं मी ऐकलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळात या चार शब्दांवर आमचं घर चाललं. मी सात-आठ वर्षांची असेन. विहिरी आटल्या होत्या. माय तेरणेच्या कोरड्या पात्रात झिरा उकरून वाटीवाटीनं घागर भरून आणायची. अण्णा आणि ती दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला जात, आणि संध्याकाळी परत आल्यावर अण्णा ओट्यावर टेकत. कामावरून परतणारी माणसं आमच्या दारावरून जायची. त्या वर्षी "पाव्हणे" हा शब्द जवळजवळ बंदच पडला. "तहान!" मात्र रोज दोन-तीनदा तरी ऐकू यायचा. घागरीत किती पाणी उरलंय ते मायला आत दिसत असे आणि अण्णांना बाहेर दिसत नसे, तरी ती एकदाही म्हणाली नाही की आता पुरे करा.

एकदा अण्णांनी "तहान!" म्हटलं आणि माय तांब्या घेऊन बाहेर गेली. अंगणात उभा असलेला माणूस गावातल्या अशा घरचा होता, की जिथल्या हौदाला आमच्या आज्याला हात लावता आला नव्हता. मायचा हात थांबला. त्या माणसाची नजर खाली गेली. अण्णा दुसरीकडंच बघत होते. शेवटी त्या माणसानं ओंजळ पुढं केली. माय म्हणाली, "वंजळीनं सांडतंय, तांब्याच घ्या." तो तांब्यानं पाणी प्यायला आणि गेला. आत आल्यावर मायनं कुजबुजत विचारलं, "वळखलं का न्हाय तुमी, कोन हुतं ते?"

"तहान हुती," अण्णा म्हणाले.

पुढं बारा-तेरा वर्षांनी मी शिष्यवृत्तीवर पुण्याला कॉम्प्युटर शिकायला गेले. गावात याचा अर्थ कुणालाच लागला नाही, आणि खरं सांगायचं तर पहिले दोन महिने मलाही लागला नाही. एका सकाळी वर्गात सरांनी फळ्यावर दोन चौकोन काढले आणि सांगितलं, कॉम्प्युटरला एखादी भाषा समजावून द्यायची तर असे दोघं लागतात. बाहेरचा अक्षरं वाचत जातो आणि त्यांचे तुकडे पाडतो. त्या तुकड्याला टोकन म्हणायचं. प्रत्येक टोकन ओळखून तो आत फक्त त्याचा प्रकार कळवतो: आकडा, नाव, बेरजेची खूण. आत बसलेला तो पार्सर. त्याला प्रकार कळला की व्याकरणाच्या नियमांप्रमाणं पुढं काय करायचं ते तो ठरवतो. आतला बाहेर येऊन बघत नाही, आणि बाहेरचा आतल्या कामात लुडबुड करत नाही.

मी खुदकन हसले. सरांनी विचारलं, "यात हसण्यासारखं काय आहे?" मी उभी राहिले. फळ्यावरच्या बाहेरच्या चौकोनात मला आमचा ओटा दिसत होता, आणि आतल्या चौकोनात चूल. त्या क्षणी घराची इतकी आठवण आली, की हसू कधी संपलं ते कळलं नाही आणि मी खाली बसून वहीत डोकं घातलं.

आमच्या वर्षाला एक छोटी भाषा तयार करायचं काम दिलं होतं. नियम लिहून दिले की आतला आणि बाहेरचा दोन्ही तयार करून देणारे प्रोग्राम असतात, ते वापरायचे. इतरांनी इंग्रजी शब्द घेतले. मी हट्टानं मराठी घेतले, इंग्रजी अक्षरांत लिहिलेले 'जर', 'तर', 'नाहीतर'. मशीनवर बसायला आठवड्यातून दोन तास मिळत. माझा प्रोग्राम पहिल्याच ओळीवर अडायचा. 'जर' आला की पार्सर म्हणायचा, हे वाक्य चुकलंय. दोन आठवडे डोकं फोडलं, काही हाती लागलं नाही. हे काम झालं नाही तर वर्ष वाया, वर्ष वाया गेलं तर शिष्यवृत्ती बंद. शेवटी प्रोग्रामचा, कडेला भोकं असलेला लांबलचक छापील कागद घडी करून बॅगेत घातला आणि दिवाळीला घरी निघाले.

त्या दिवशी माझ्या पायात पट्ट्याच्या नव्या सँडल होत्या. खांद्याला पुण्यात घेतलेली बॅग. दुपारी एसटीतून उतरले, गल्लीतून अंगणात आले. अण्णा ओट्यावर नेहमीच्या जागी बसलेले. मी उंबऱ्यापुढं थांबले, बॅग खाली ठेवली, ओढणी सारखी केली आणि वाकून सँडलचा पट्टा सोडायला लागले. माझ्यापासून हातभर अंतरावरून अण्णांनी आत हाक दिली.

"पाव्हणे!"

माय डोक्यावरून पदर घेत, हातात तांब्या घेऊन लगबगीनं बाहेर आली, मला बघितलं आणि तिला हसू आवरेना. "अवो, काय पाव्हणे! तुमची लेक हाय की!" शेजारणी गोळा झाल्या, त्याही हसल्या. अण्णाही हसले. मी हसत हसत त्यांच्याकडं पाहिलं. ते माझ्या चेहऱ्याच्या जरा डावीकडं बघत होते.

मग मायनं आत नेऊन सांगितलं. धाराशिवच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता, गेलेली नजर परत येत नाही म्हणाले होते. दसऱ्यापासून फक्त उजेड-अंधार कळतो. या हंगामाला कारखान्यात ते गेलेच नव्हते. माझ्या अभ्यासात बिघाड नको म्हणून पत्रात लिहिलं नव्हतं. हे सांगता सांगता तिनं मला चहा दिला, तोही फडताळातल्या कपबशीत, कारण आधण ठेवताना तिनं पाहुण्यांसाठी ती काढून ठेवलेली. ती कपबशी मी आजवर फक्त धुतली होती.

दुःख व्हायला हवं होतं, पण मला आधी राग आला. डोळ्यांचा, डॉक्टरचा, बॅगेचा, सँडलचा, आणि सांगायला लाज वाटते, पण अण्णांचाही. डोळे गेले असतील, पण वीस वर्षं ऐकलेली लेकीची पावलं जातात कुठं? चार दिवस मी घरात होते. आतबाहेर केलं की अण्णा गप्प असत, जसे पूर्वी असत. पण त्या चार दिवसांच्या गप्प राहण्यावर माझा विश्वास बसेना. आता त्यांना माहीत होतं ना मी आलेय ते. मला हवं होतं ते वेगळंच. बाहेरून यावं, त्यांना आधी काही ठाऊक नसावं, आणि तरी त्यांनी काही बोलू नये. एवढंच हवं होतं.

परतीच्या एसटीत मी तो छापील कागद मांडीवर पसरला. बाहेरच्याचे नियम वरून खाली लिहिलेले असतात, आणि एकच तुकडा दोन नियमांत सारखाच बसला तर वरचा नियम जिंकतो. मी कोणत्याही शब्दाला नाव समजणारा नियम वर लिहिला होता आणि 'जर'चा खाली. त्यामुळं माझा 'जर' दर वेळी कुणातरी परक्याचं नाव म्हणून आत कळवला जात होता. त्याच्या स्वतःच्या नियमापर्यंत पाळी येतच नव्हती. अण्णांच्या बाबतीतही हेच झालंय असं मला वाटलं. सँडलचा नियम वर, आणि लेकीचा खाली.

पुण्यात गेल्या गेल्या त्या दोन ओळी वरखाली केल्या. प्रोग्राम चालला. शेजारच्या मशीनवरच्या मैत्रिणीनं टाळ्या वाजवल्या आणि मी रडायला लागले. सगळ्यांना वाटलं, आनंदानं. घरी जाऊन मी काय वरखाली करणार होते?

पण प्रयत्न केला. फेब्रुवारीत दोन दिवस सुट्टी मिळाली तेव्हा मी एक तरकीब काढली. बॅग एसटी थांब्याजवळच्या चहावाल्याकडं ठेवली. सँडल त्याच बॅगेत कोंबल्या. मायचं जुनं लुगडं नेसूनच निघाले होते. अनवाणी, पूर्वी शाळेतून यायची तशी यायचं असं मनाशी घोकत अंगणात आले, एकेक पाऊल मोजून टाकत. उंबऱ्यापाशी येऊन उभी राहिले आणि श्वास रोखला. अण्णा हरभऱ्याचे घाटे सोलत होते. त्यांचा हात थांबला. त्यांनी तोंड जरा वर केलं. मी मनात म्हणत होते, बोलू नका, अण्णा, बोलू नका.

"शेजार!" अण्णा म्हणाले.

आतून माय ओरडली, "पीठ न्हाय म्हनावं, दळन आनायचं हाय अजून!"

मी तिथंच खाली बसून हसले. दुसरं काय करणार? 'पाव्हणे'पासून 'शेजार'पर्यंत तरी मजल आली होती. मग बॅग आणायला पुन्हा थांब्यावर गेले, आणि वाटेत जे रडू आलं ते चहावाल्यापासून लपवता लपवता पुरेवाट झाली.

एप्रिलमध्ये तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझा कागद चाळला आणि विचारलं, "दोन शब्दांच्या मध्ये मोकळी जागा आली, तर कोणतं टोकन परत देता?"

"कोणतंच नाही," मी म्हणाले. "ती ओळखायची आणि गप्प बसायचं."

"का?"

"ती घरचीच असते, सर."

ते चष्म्यावरून माझ्याकडं बघत राहिले. काय वाटलं त्यांना कुणास ठाऊक, पण पास केलं.

मे महिन्यात घरी निघाले. एसटी येडशीच्या पुढं बंद पडली. दुसऱ्या गाडीत उभ्यानं आले, ती फाट्यावर सोडून गेली. तिथून भर उन्हात चालत. पायात त्याच सँडल, खांद्याला तीच बॅग आणि वर पुस्तकांचं गाठोडं. उन्हानं डोकं फिरलेलं. एसटीला, रस्त्याला, पुस्तकांना मनातल्या मनात शिव्या घालत मी अंगण ओलांडलं, ओटा ओलांडला, उंबरा ओलांडला, गाठोडं धाडकन टाकलं आणि सरळ माठाकडं गेले. दुसरा पेला तोंडाला लावला तेव्हा लक्षात आलं. हाक आली नव्हती.

माय चुलीपुढं पाठमोरी बसली होती. हाक नाही म्हणजे थोरलाच रानातून आला, असं तिनं धरलं होतं. पेल्याचा आवाज ऐकून तिनं वळून पाहिलं आणि किंचाळली, "अगं बया! कवा आलीस?" मग बाहेर ओरडली, "अवो, सांगितलं न्हाय तुमी!"

ओट्यावरून आवाज आला, "काय सांगायचं त्यात?"

मी पेला हातात घेऊन तशीच उभी राहिले. एवढा आनंद मला पुढं कशानंच झाला नाही, आणि मला आयुष्यात बऱ्याच चांगल्या गोष्टी मिळाल्या.

जरा वेळानं मी बाहेर जाऊन अण्णांजवळ बसले. ते पेरणीच्या बियाण्यासाठी भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. मीही मूठभर घेतल्या.

"अण्णा, आज कसं वळखलं तुमी?"

"वळखायचं काय त्यात? पाय वळखीचेच हायत."

"मग दिवाळीला? तवा तर पाव्हणे म्हनलात."

त्यांनी एक शेंग कानाशी नेऊन हलवली आणि फोडली. "तवा बी वळखलं हुतं."

मला वाटलं, माझं समाधान करायला बोलतायत. मी जरा चिडूनच विचारलं, "वळखलं हुतं, तर पाव्हणे का म्हनलात?"

"तू थांबलीस की गं उंबऱ्याम्होरं. घरचं मानूस थांबत न्हाय. जे थांबतंय, त्येची आत खबर द्यावी लागती." आणि पुढं, जणू एखाद्या गाडीतल्या उसाबद्दल सांगावं तसं, "संक्रांतीनंतर आलीस, तवा बी थांबलीस. वाटी घिऊन आलेली शेजारीन थांबती, तशी. कोन आलं ते म्या कवा सांगितलंय का? कसं आलं, ते सांगतो."

त्यांच्या बोलण्यात रुसवा नव्हता. त्यामुळं ते जास्त लागलं. सहा महिने मी त्यांच्या डोळ्यांना दोष देत होते, सँडलला देत होते, मनातल्या मनात त्यांचे नियम वरखाली करत होते. त्यांनी दोन्ही वेळा बरोबरच सांगितलं होतं. पुण्याहून पहिल्यांदा आले तेव्हा मी खरंच थांबले होते, आणि फक्त पट्टा सोडायला नाही. दाराची चौकट इतकी ठेंगणी होती का, असं माझ्या मनात येऊन गेलं होतं. हे मी कुणालाच सांगितलं नाही. अण्णांनाही नाही. मी शेंगा फोडत राहिले.

त्यानंतर नोकरी लागली, लग्न झालं, वर्षातून दोन-तीन खेपा व्हायच्या. दर वेळी मी गाडीतून उतरले की सरळ आत शिरायचे, चपला पायात असल्या तरी. माय कावायची, "वहाना तरी काढ गं!" अण्णा ओट्यावर मान खाली घालून बसलेले असत, काही बोलत नसत. मोठमोठ्या समारंभांत माझं नाव ओरडून व्यासपीठावर बोलावलं गेलं, पण अण्णांच्या त्या न बोलण्यासारखं कुठंच काही मिळालं नाही. ओट्याजवळून जाताना कान टवकारायचे आणि काहीच ऐकू येऊ नये म्हणून जीव टाकायचा, एवढ्यासाठी मी शेकडो मैल येत असे.

अण्णा गेले. पुण्यानुमोदन होईपर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं, तेव्हा काही जाणवलं नाही. मग तीन महिन्यांनी मी एकटी आले. दुपारची वेळ. अंगणात कुणी नव्हतं. ओट्यावर त्यांच्या पाठीनं गुळगुळीत झालेला भिंतीचा तुकडा तेवढा दिसत होता.

आतून मायचा आवाज आला, "कोन हाय?"

आमच्या घरात हा प्रश्न मी पहिल्यांदाच ऐकला. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि खाली पाहिलं. माझे पाय उंबऱ्याच्या अलीकडं होते. कधी थांबले कळलं नव्हतं. ओट्याकडं बघत मी किती वेळ उभी होते कुणास ठाऊक.

"कोन हाय बाहीर? बोलत का न्हाय?" माय पुन्हा म्हणाली.

आत खबर द्यायला दुसरं कुणी नव्हतं.

"तहान," मी म्हणाले.

आत माठावरचं झाकण वाजलं, आणि माय तांब्या घेऊन बाहेर आली.